एवढी दाट वस्ती असून आमच्याकडं बिबटे वाढले कसे? मग जंगलात का नाहीत?

शिवारकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारतो, लांबलं तर सांभाळून घ्या. मी जुन्नर तालुक्यातला, कुकडीच्या कालव्याखालचं गाव, घरी ऊस आणि थोडा कांदा. शाळेत शिकवलेलं की लोकसंख्या वाढली की जंगल कमी होतं, जंगल कमी झालं की वन्यप्राणी कमी होतात. ऐकायला पटतंही. पण आमच्याकडं उलटंच चाललंय. आजोबा सांगतात त्यांच्या तरुणपणी बिबट्या म्हणजे घाटाकडच्या डोंगरात, कुणाला दिसला तर आठवडाभर तोच विषय. तेव्हा गावात माणसं आत्तापेक्षा कितीतरी कमी होती. आता वाड्यावस्त्या भरल्यात, डांबरी रस्ता झाला, पोल्ट्री फार्म झाले, रात्री सगळीकडं लाईट, आणि बिबट्या सारखा कुणाच्या ना कुणाच्या सीसीटीव्हीत.

मावशी भीमाशंकरच्या पट्ट्यात राहते. तिकडं अभयारण्य आहे, १३० चौरस किलोमीटरचं, एवढं दाट रान, आणि ती म्हणते तुमच्याएवढा बिबट्या आमच्याकडं दिसतच नाही.

तर मला हे समजून घ्यायचंय की एखाद्या भागात जनावरं किती असणार हे नेमकं ठरतं कशावर, जंगलावर, माणसांच्या संख्येवर, का आणखी कशावर? आणि दुसरं म्हणजे पिंजरे लावून धरून नेले तरी ते कमी का होत नाहीत? ज्यांनी काम केलंय किंवा नीट वाचलंय त्यांनी सांगा, राजकारण नको. भावाची पोरं लहान आहेत आणि घर उसाला लागून आहे, म्हणून मनापासून विचारतोय.

---

ठसा

शिवारकर, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. मी कॅमेरा ट्रॅपच्या (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) टीमबरोबर अहिल्यानगर जिल्ह्यात काम केलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, बिबट्याला जंगल असं लागत नाही. त्याला लागतं पोटाला भक्ष्य, दिवसा दडायला आडोसा, प्यायला पाणी आणि पिल्लं घालायला निवांत जागा. हे जिथं बारा महिने मिळतं तिथं तो राहतो, मग सातबाऱ्यावर काहीही लिहिलेलं असो. तुमच्याकडं धरणं झाली (येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे), कालवे आले, बाजरीच्या जागी ऊस आला. बाजरी तीन-साडेतीन महिन्यांत निघून जाते, रान मोकळं. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा असतो, आणि एका फडाला तोड आली तरी शेजारचा फड उभाच. म्हणजे आजोबांच्या काळात नव्हता असा वर्षभराचा आडोसा आणि वर्षभराचं पाणी ह्या दोन्ही गोष्टी एकदम तयार झाल्या.

आता पोटाचं. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ ला प्रसिद्ध झाला. तिथं माणसांची घनता चौरस किलोमीटरला ३०० च्या वर, मोठं जंगल नाही, सगळी शेती. तरी बिबटे निघाले १०० चौरस किलोमीटरला साधारण ४.८, आणि हे फक्त प्रौढ. शिवाय जवळपास तेवढेच तरस. ते खातात काय हे बघायला बिबट्याची विष्ठा गोळा करतात, बारीक चाळणीत धुतात, आणि उरलेले केस मायक्रोस्कोपखाली बघून कुठल्या जनावराचे ते ओळखतात. वास भयंकर येतो पण एकदा केस बघायची सवय लागली की कुत्र्याचा आणि शेळीचा केस सहज वेगळा कळतो. तर निकाल असा आला की खाल्लेल्या वजनातलं ८७ टक्के पाळीव आणि गावातलीच जनावरं. एकटं कुत्रं ३९ टक्के, मांजर १५ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सात पट होत्या तरी त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास, कारण शेळीला दिवसा राखण असते आणि रात्री ती बंदिस्त असते, कुत्रं मोकाट.

म्हणजे तुमच्याकडं माणसांची दाटी बिबट्याला आडवी येत नाही, उलट त्या दाटीबरोबर जी कुत्री, मांजरं, डुकरं, कोंबड्या येतात त्यावरच तो पोसला जातोय. शिकारी प्राण्यांबद्दल २००२ ला एक ढोबळ नियम मांडला गेला की १०,००० किलो भक्ष्यावर साधारण ९० किलो शिकारी पोसला जातो, शिकारी लहान असो का मोठा. आता हिशोब करा. अकोल्यासारखे पाच बिबटे, सरासरी ४५ किलोचे धरले तर सव्वादोनशे किलो झाले. त्यांना मागं २५,००० किलोचं भक्ष्य हवं. ज्या १०० चौरस किलोमीटरमध्ये ३० हजार माणसं राहतात तिथं २५ किलोच्या नुसत्या हजार शेळ्या धरल्या तरी ते वजन भरतं, कुत्री-डुकरं अजून धरलीच नाहीत. डोंगरातल्या रानात भेकरं-सांबरं मोजून एवढं वजन गोळा करणं सोपं नाही.

भीमाशंकरचं म्हणाल तर तिथलं बरंचसं रान सदाहरित, दाट. वर शेकरू उड्या मारतं पण खाली जमिनीवर ऊन पोचत नाही, गवत कमी, म्हणून चितळासारखे मोठे कळप तिथं नाहीत. आणि मावशींच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट दडलीय. 'दिसत नाही' आणि 'नाही' ह्यात फरक आहे. रानातल्या बिबट्याला कोण बघणार, तिथं सीसीटीव्ही नाही, रात्री दहाला मोटारसायकलवरून येणारं कुणी नाही. तुमच्याकडं एकच बिबट्या दहा जणांना दिसतो.

---

बांधावरून

शिरूरकडचा शेतकरी. ठसा बरोबर बोलतायत, मी फक्त जमिनीवरचं सांगतो.

आमच्या वस्तीच्या मागं ओढा आहे, पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या त्या ओढ्यात आणून टाकायचे, हॉटेलवाले उरलेलं अन्न टाकायचे. त्यावर कुत्री वाढली, एवढी वाढली की लोकांना मोटारसायकल नेता येईना, आणि कुत्र्यांच्या मागं बिबट्याची मादी आली, तिनं शेजारच्या उसात पिल्लं घातली. तोडीला टोळी आली तेव्हा पाचटात तीन पिल्लं सापडली, मांजराएवढी. तोड तिथंच थांबवली, पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली आणि सगळे लांब झाले. रात्री मादी आली, एकेक करून तोंडात धरून घेऊन गेली, कॅमेऱ्यात आलं. ती पिल्लं जर उचलून लांब नेली असती तर ती मादी पुढं आठवडाभर वस्तीत घिरट्या घालत राहिली असती, हे आमच्या म्हाताऱ्या माणसांनासुद्धा पटलं.

दुसरी गोष्ट लाईटची. मोटारपंपाला लागणारी थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. माणूस मध्यरात्री एकटा बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जातो, सरीत खाली वाकतो, आणि वाकलेला माणूस अंधारात बिबट्याला माणूस वाटत नाही. आमची मागणी दिवसा लाईट द्या एवढीच आहे. बिबटे किती ह्यावर भांडणारे भांडू देत पण बिबट्या आणि माणूस एकाच वेळी एकाच सरीत येतात ते ह्या रात्रीच्या पाळीमुळं.

---

माळढोक_सोलापूर

दुसरी बाजू सांगायला पाहिजे म्हणून लिहितोय, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की माणसं आणि ऊस वाढला की सगळ्याच जनावरांचं भलं होतं.

आमच्याकडं नान्नजला १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर, पुढं ते कमी करून १,२२२ वर आणलं. १९८० ला उजनी धरण पूर्ण झालं आणि जिथं कुसळी गवताची माळरानं, मधेमधे ज्वारी-करडई होती तिथं पाणी आलं, बोअर झाले, ऊस आला. हाच ऊस, शिवारकर. तुमच्याकडं जो बिबट्याला आडोसा झाला त्यानंच माळढोकाची जागा घेतली. कारण ह्या पक्ष्याला आडोसाच नको असतो. त्याला उघडं रान पाहिजे, मान वर केली की लांबवर दिसलं पाहिजे. अंडं उघड्या जमिनीवर, आणि बहुतेक वेळा एका वेळी एकच. ते एक अंडं कुत्र्यानं खाल्लं, मेंढरांच्या पायाखाली आलं, की त्या मादीचा तो हंगाम गेला. बिबट्याची मादी दोन-तीन पिल्लं घालते, एक गेलं तरी दोन राहतात. एवढ्याशा फरकानं किती काय होतं बघा. आज देशभरात दीडशेसुद्धा माळढोक उरलेले नाहीत आणि जे आहेत ते बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. तिथंही विजेच्या तारांना धडकून मरतात, कारण पक्षी जड आहे आणि समोरचं त्याला नीट दिसत नाही.

आणखी एक दुःखाची गोष्ट म्हणजे माळ 'ओसाड' दिसतो म्हणून चांगल्या मनानं लोकांनी तिथं झाडं लावली. ग्लिरिसिडिया लावला. झाडं लावणं म्हणजे निसर्गाचं भलं, असं सगळ्यांनाच वाटतं, पण माळरानाला झाड म्हणजे अतिक्रमण. काळवीट मात्र टिकलं, कारण ते माळावर राहतं आणि रात्री पिकात चरतं. एकाच माळावर एक जात संपत आली आणि एक तग धरून आहे. त्यामुळं 'वन्यप्राणी वाढले का कमी झाले' ह्या प्रश्नाला कुठला प्राणी हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नका अशी माझी विनंती आहे.

---

ठसा

माळढोक_सोलापूर, अगदी. आणि ह्याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण म्हणजे अरुणाचल. २०११ च्या जनगणनेत तिथली घनता चौरस किलोमीटरला १७, देशात सगळ्यात कमी. नामदफा राष्ट्रीय उद्यान १,९८५ चौरस किलोमीटर, हिरवंगार, डोंगरदऱ्यांचं. २००६-०७ ला तिथं कॅमेरे लावले तर वाघाचा एकही फोटो आला नाही, हरणं-रानगवे पण फार कमी. झाडं सगळी जागेवर होती, शिकार होऊन होऊन खालचं रान रिकामं झालेलं. माणसं कमी आहेत म्हणून प्राणी जास्त असणार हे तिथं खोटं ठरलं. माणसं किती आहेत ह्यापेक्षा ती काय करतात हे बघावं लागतं.

आणि मुंबईत बोरिवलीचं संजय गांधी उद्यान, साधारण १०४ चौरस किलोमीटर, तीन बाजूंनी इमारती आणि झोपड्या. २०१५ च्या मोजणीत ते उद्यान आणि लागून असलेला आरेसारखा भाग धरून ३५ बिबटे मिळाले, २०१८ ला ४७. जगातल्या सगळ्यात दाट बिबट्यांमध्ये त्याची गणना होते. आत चितळ-सांबर आहेत, आणि कडेला कचरा आणि कुत्री.

---

चांद्याचा

चंद्रपूरहून. वाघाचं गणित थोडं वेगळं आहे ते सांगतो.

वाघाला कुत्र्यामांजरावर भागत नाही. एक वाघ वर्षाला साधारण ५० हरणाएवढी जनावरं मारतो, आणि वाघांचे अभ्यासक उल्लास कारंत वगैरेंचा हिशोब असा की रानात जेवढं भक्ष्य आहे त्याच्या साधारण १० टक्केच वाघ दरवर्षी उचलतात. म्हणजे एका वाघामागं ५०० च्या आसपास खुरांची जनावरं रानात कायम पाहिजेत. ती गवतावर जगतात. म्हणून ताडोब्यात वाघ बघायचे असतील तर आधी गवत बघा. जामणी, नवेगाव ही गावं बाहेर पुनर्वसित झाली, त्यांच्या शेतांचं कुरण झालं, कुरणावर चितळांचे कळप, आणि त्यामागं वाघीण पिल्लं घेऊन. जमीन तीच, पाऊस तोच. २०२२ च्या गणनेत ताडोबा-अंधारीत ९७ वाघ निघाले.

पण ह्याला दुसरी बाजू आहे आणि ती आम्ही भोगतो. जागा भरली की वाघाची दीड-दोन वर्षांची पोरं बाहेर निघतात, त्यांना आतले मोठे नर राहू देत नाहीत. ती ब्रह्मपुरीकडं, गावांच्या मधल्या तुकड्या-तुकड्यांच्या रानात येतात, तिथंच मोहफूल आणि तेंदूपत्ता वेचायला बायामाणसं जातात. टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटर, तिथला एक तरुण नर २०१९ ला निघाला आणि गळ्यातल्या रेडिओ कॉलरनं नोंदवलं की तो ३,००० किलोमीटरच्या वर हिंडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. जागा शोधत होता, मादी शोधत होता. २०२३ ला ब्रह्मपुरीच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या तेही ह्यासाठीच, एका ठिकाणी दाटी आणि दुसरीकडं जागा रिकामी. वाघ वाढले ह्याचा आम्हाला अभिमान आहे, पण तो आकडा पेपरात छापताना त्याच्या शेजारी रानात मेलेल्या माणसांचाही छापावा असं मला फार वाटतं.

---

मेधा_ट्रॉम्सो

मी नॉर्वेत शिकते, विषय हाच, फक्त प्राणी रेनडिअर. सगळ्यांनी छान लिहिलंय, मी फक्त गर्दीबद्दल थोडं जोडते कारण शिवारकरांच्या 'ठरतं कशावर' ह्या प्रश्नाचा तो मोठा भाग आहे.

प्राण्यांची संख्या खाली खेचणाऱ्या गोष्टी दोन तऱ्हेच्या असतात. काही गर्दीबरोबर वाढतात: खाणं वाटून कमी पडतं, रोग पटकन पसरतो, जागेवरून मारामाऱ्या होतात, पिल्लं अशक्त होतात. आणि काहींना गर्दीशी घेणंदेणं नसतं, म्हणजे दुष्काळ, गारपीट, कडक हिवाळा. प्राणी दहा असोत का दहा हजार, ते येणारच. खरा घोटाळा होतो तो दोन्ही एकदम आले की.

अलास्काजवळ सेंट मॅथ्यू नावाचं बेट आहे. १९४४ ला तिथं २९ रेनडिअर सोडले. लांडगा नाही, शिकारी नाही, जमिनीवर दगडफुलासारख्या लायकेनचा जाड थर. १९५७ ला ते १,३५० झाले, १९६३ ला ६,०००. पण तोपर्यंत लायकेन खाऊन, तुडवून संपलेलं, आणि प्राण्यांची सरासरी वजनं आधीपासूनच उतरायला लागली होती. संख्या वर जात असताना वजनं खाली येत होती! मग १९६३-६४ चा हिवाळा फार वाईट आला आणि १९६६ ला मोजले तर उरले होते ४२. त्यात नर एकच, तोही धड नव्हता. पुढं सगळेच संपले. थंडी जुनीच होती, पण भरल्या पोटानं सोसता येते तशी ती उपाशी पोटानं सोसता आली नाही.

दुसरं आफ्रिकेतल्या सेरेंगेटीचं. तिथं गुरांचा बुळकांडी रोग रानातल्या विल्डबीस्टना (कळपानं राहणारी, गवत खाणारी मोठी जनावरं) मारत होता. आजूबाजूच्या गुरांना लस टोचली, रोग गेला, आणि १९६१ ला अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत १३ लाखांवर गेले. तिथं जाऊन ते थांबले, कारण आता कोरड्या महिन्यांत दर डोई हिरवं गवत किती उरतं त्यावर गाडी अडते. १९९३ च्या दुष्काळात ते पुन्हा १० लाखांच्या खाली आले होते. म्हणजे पावसाळ्यात रान किती हिरवं दिसतं त्यावर जाऊ नका. वर्षातला सगळ्यात वाईट महिना कुठला आणि त्या महिन्यात पोटाला काय उरतं, बहुतेक ठिकाणी जनावरांचा आकडा तिथं ठरतो. आणि ठसांनी ऊस, पाणी, कुत्री ह्याबद्दल लिहिलं ते वाचताना माझ्या मनात हेच आलं की जुन्नरच्या बिबट्याला आता वाईट महिनाच उरलेला नाही. मे महिन्यातही कालवा, मे महिन्यातही उभा ऊस, कुत्री बारा महिने.

---

शिवारकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. मेधाताई, मग आमचे बिबटेही असेच वाढत वाढत एक दिवस एकदम कोसळणार का? आणि ठसा, पिंजऱ्याचं राहिलं.

---

मेधा_ट्रॉम्सो

शक्यता कमी आहे. रेनडिअर आपलं खाणंच खाऊन संपवतो आणि ते लायकेन परत यायला वर्षानुवर्षं लागतात. बिबट्या कुत्री खातो पण कुत्र्यांना जगवतो कचरा, आणि कचरा माणूस रोज टाकतोच, त्यामुळं खालचा पुरवठा तुटत नाही. शिवाय बिबट्या हद्द धरून राहणारा प्राणी, प्रौढ मादी दुसरीला आपल्या भागात सहसा बस्तान मांडू देत नाही, म्हणून दाटी एका मर्यादेनंतर आपोआप अडते. ती मर्यादा किती वर जाईल हे मात्र अन्नावर आहे. अन्न जास्त असलं की हद्दी आकसतात.

---

ठसा

हो, आणि पिंजऱ्याचं उत्तर ह्या हद्दीतच आहे.

जुन्नर भागात २००१ च्या सुमाराला बिबटे धरून दुसरीकडं सोडायचा मोठा कार्यक्रम झाला. त्याचा अभ्यास २०१० ला प्रसिद्ध झालाय. २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटर लांब जंगलात सोडले. त्याआधी त्या भागात माणसांवर हल्ले वर्षाला सरासरी ४ व्हायचे, ते १७ वर गेले, आणि त्यातल्या जिवावर बेतणाऱ्यांचं प्रमाण दुप्पट झालं, १८ टक्क्यांवरून ३६. हे आकडे वाचले की अजून पोटात गोळा येतो, कारण प्रत्येक आकड्यामागं कुणाचं तरी मूल आहे.

असं का झालं? ज्याला उचललं तो ह्याच शिवारात वाढलेला, कुठल्या वस्तीत कधी जाग असते, कुठल्या बांधावरून निघायचं हे त्याला पाठ. त्याला अनोळखी डोंगरात सोडलं की तो घराकडं निघतो किंवा भलत्याच गावात शिरतो. २००९ ला टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक थोराड नर कॉलर लावून माळशेज घाटात सोडला होता, 'आजोबा' म्हणायचे त्याला, तो साधारण १२० किलोमीटर चालत थेट मुंबईजवळ गेला. त्यानं वाटेत कुणालाही इजा केली नाही हे मुद्दाम सांगतो, पण त्यावरून लांब सोडलेलं जनावर तिथंच राहील ही आशा किती खोटी ते कळतं. आणि इकडं त्याची जागा रिकामी झाली की तिथं दुसरा येतो, बहुतेक वेळा तरुण, नवखा. कधी दोघं-तिघं येतात, त्यांची आपसात भांडणं. अन्न, पाणी, आडोसा तसाच असल्यावर नुसती जनावरं काढून आकडा खाली राहणार कसा?

एक स्पष्ट करतो. माणूस मारायला सोकावलेला बिबट्या ओळख पटवून पकडलाच पाहिजे, त्याला परत सोडू नये. माझा विरोध सरसकट दिसेल तो धरण्याला आहे.

---

ओतूरची_पोर

मग नसबंदी केली तर? त्याची पण चर्चा आहे आमच्याकडं.

आणि गावात सगळे म्हणतात एकट्या आमच्या गावात ४०-५० बिबटे आहेत. हे खरं असेल का?

---

ठसा

नसबंदीचा एक फायदा आहे. मादी जागेवर राहते, तिची हद्द ती राखते, म्हणजे रिकाम्या जागेचा घोळ होत नाही. पण बिबट्या बारा वर्षांच्या आसपास जगू शकतो, म्हणजे आत्ता असलेले बिबटे तर राहणारच, फरक दिसायला वर्षं जातील, आणि पुरेशा माद्या एकाच भागात धरल्या गेल्या तरच. शेजारच्या तालुक्यातून येणारे येतच राहतील. करून बघावं, पण उद्या रात्री पोरं सुरक्षित राहतील का ह्याचं ते उत्तर नाही.

४०-५० चं. अकोल्याचा आकडा घ्या, १०० चौरस किलोमीटरला पाच प्रौढ. तुमच्या गावाचं शिवार १०-१५ चौरस किलोमीटर असेल. घनता तिथल्या दुप्पट-तिप्पट धरली, वर पिल्लं धरली तरी पन्नास बसत नाहीत. पण लोक खोटं बोलत नाहीत. एक मादी रात्रीत तीन वस्त्यांवरून जाते, तिच्यामागं दोन मोठी पिल्लं, प्रत्येक वस्तीवर तीन बिबटे दिसले म्हणून नोंद होते, सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर नऊ झाले. शिवाय सरकारी आकड्यानंही गोंधळ होतो. २०२२ च्या अंदाजात महाराष्ट्रात १,९८५ बिबटे दिलेत, पण ती मोजणी मुख्यतः जंगलाच्या भागातली आहे, उसातले त्यात नीट येत नाहीत. म्हणून गावाला वाटतं सरकार लपवतंय आणि सरकारला वाटतं गाव वाढवून सांगतंय.

---

शिवारकर

आम्हाला ग्रामपंचायतीतर्फे कॅमेरे लावून मोजता येईल का? पैसे जमवू आम्ही. आणि तोवर घराचं काय करू ते पण सांगा.

---

ठसा

आधी घराचं. घर आणि ऊस ह्यात मोकळा पट्टा सोडा, शक्य तेवढा रुंद, तिथं कांदा किंवा चारा घ्या ज्यात जनावर दडणार नाही. संध्याकाळी अंधार पडताना पोरं अंगणात एकटी नकोत, आणि शौचालय घराला लागून हवं. गोठ्याला वरूनही जाळी पाहिजे, नुसत्या भिंतीला तो जुमानत नाही. कचऱ्याचा ढीग वस्तीपासून लांब आणि पोल्ट्रीचं मेलेलं खड्डा करून पुरायचं, ही गोष्ट तर ग्रामसभेत ठराव करून घ्याच. कुत्र्यांची नसबंदी आणि लस तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून सुरू होते का ते विचारा.

मोजणीचं, करता येईल, पण वनखात्याची परवानगी आणि त्यांची माणसं बरोबर घेऊन, नाहीतर त्या फोटोंचा उपयोग होणार नाही. कॅमेरे जोडीनं लागतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, गुडघ्याच्या उंचीला. कारण बिबट्याच्या डाव्या अंगावरचे ठिपके उजव्यापेक्षा वेगळे असतात, एकाच बाजूचा फोटो मिळाला तर तोच बिबट्या दोनदा मोजला जातो. बांधावरची पायवाट, ओढ्याचं पात्र, कालव्याची चारी ह्या जागा बघा, तो चालायला मऊ आणि मोकळी वाट धरतो. एकट्या गावानं करू नका. आजूबाजूची आठ-दहा गावं मिळून करा म्हणजे मादीची पूर्ण हद्द आत येईल. मला खाजगी मेसेज करा, फॉर्म कसा भरायचा आणि फोटो कसे जुळवायचे ते दाखवतो.

---

बांधावरून

आमचं गाव येतंय ह्यात. शिरूरकडची आणखी तीन गावं मी विचारतो.